नाशिक ते लेह, स्वतःच्या गाडीने: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: आम्ही चौघे, मुले दहा आणि तेरा वर्षांची. शाळा उघडण्याआधी नाशिकहून लेहला गाडीने जाऊन यायचे आहे. जाताना मनाली, येताना श्रीनगर असा बेत आहे. पंधरा दिवस पुरतील का? वाटेत कुठे थांबावे? (इंदिरानगर)

उत्तर: पंधरा दिवसांत लेह करू नका. एकवीस दिवस काढा. ते जमत नसेल तर श्रीनगरपुढचे सोनमर्ग बघून माघारी या, मुलांची ती सहलही मनासारखी होईल. जाऊन-येऊन अंतर पाच हजार किलोमीटरच्या आसपास पडते, पण आखणी किलोमीटरवर करायचीच नाही, तासांवर करायची. जेवण, टोल, पेट्रोल धरून चौपदरी रस्त्यावर ताशी ५५ पडतात, दुपदरीवर ४०, घाटात २५ आणि खिंडीतल्या कच्च्या तुकड्यांवर १५. प्रत्येक टप्प्याचे अंतर याने भागा. उत्तर आठ तासांच्या वर गेले तर मध्ये मुक्काम टाका. पहाटे पाचला निघायचे आणि दुपारी दोन-तीनला खोली गाठायची. मेमधल्या माळव्यात आणि राजस्थानात दुपारचे ऊन टळते, संध्याकाळ गाव बघायला मोकळी राहते.

पहिला मुक्काम महेश्वर. आग्रा रोडने चांदवड, मालेगाव, धुळे करत सेंधव्याचा बिजासन घाट चढायचा, खलघाटला नर्मदा ओलांडायची आणि धामनोदहून आत वळायचे. अंतर साधारण ३३५ किमी. चांदवडला अहिल्याबाईंचा रंगमहाल आहे, संध्याकाळी महेश्वरच्या घाटावर त्यांचाच किल्ला. एका दिवसात दोन्ही बघितले की मुलांना इतिहास वेगळा सांगावा लागत नाही. दुसऱ्या दिवशी घाटाबिल्लोड, रतलाम, नीमच या चौपदरी रस्त्याने चित्तोड. वाटेत मंदसौरला शिवना नदीकाठी अष्टमुखी पशुपतिनाथ आहे. चित्तोडचा किल्ला तिसऱ्या दिवशी सकाळी बघा, कारण पुढचे जयपूर सहा तासांवरच आहे. चौथ्या दिवशी दिल्लीत शिरू नका. नारनौलहून कुरुक्षेत्राकडे जाणारा १५२-डी महामार्ग धरला की दिल्लीची कोंडी पूर्ण टळते आणि मुक्कामाला अंबाला गाठता येते. पाचवा मुक्काम जम्मू, सहावा श्रीनगर. सातव्या दिवशी गाडी हलवायची नाही.

आता तुमच्या बेतातली खरी अडचण. तो उलटा करा: जाताना श्रीनगर, येताना मनाली. नाशिक समुद्रसपाटीपासून सहाशेच मीटरच्या आसपास. श्रीनगर १,५८५ मीटर, कारगिल २,६७६, लेह ३,५००. या वाटेने शरीर पायरी-पायरीने चढते. मनालीहून निघालात तर दुसऱ्याच रात्री सरचूला ४,२९० मीटरवर झोपावे लागते. तीन हजारांच्या वर झोपण्याची उंची एका रात्रीत पाचशे मीटरपेक्षा फार वाढवू नये, असा डॉक्टरांचा सल्ला असतो. तो मोडला की डोके ठणकते, उलट्या होतात, आणि रात्री दोनला खाली उतरायला अंधारा रस्ता समोर असतो. लेहमध्ये चार-पाच रात्री काढल्यावर तेच सरचू सोसते.

लेहमध्ये पहिले दोन दिवस शे आणि ठिकसे या जवळच्या गावांपलीकडे जाऊ नका. खारदुंग ला ही उंच खिंड तर नाहीच. मुले दुखणे नेमके सांगत नाहीत. चिडचिड, जेवण नको म्हणणे, एकसारखी झोप ही लक्षणे समजा. चाल अडखळली किंवा बसल्या जागी धाप लागली तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठा, आणि डॉक्टर सांगतील तसे खाली उतरा. उंचीच्या त्रासावरची डायमॉक्सची गोळी नाशिकमधल्या डॉक्टरांना विचारूनच, कारण सल्फाची अ‍ॅलर्जी असलेल्यांना ती त्रासदायक ठरू शकते. मग पँगाँग सरोवर किंवा नुब्रा खोरे, दोन्हींपैकी एकच. एकविसातला एक दिवस दरड कोसळली तर हाताशी म्हणून रिकामा ठेवा. २० मेच्या सुमारास निघालात तर परतीपर्यंत मनालीकडचा रस्ता बहुतेक उघडलेला असतो. तरी लेह सोडण्याआधी चौकशी कराच. सोनमर्गपुढच्या जोजिला खिंडीतही बरेचदा एकेरी वाहतूक वेळ ठरवून सोडतात. सोनमर्गला आदल्या संध्याकाळी विचारून ठेवा.

प्रश्न: १.२ लिटरची पेट्रोल हॅचबॅक, पाच वर्षांची, साठ हजार किमी झालेली. लेहला जाईल का? काय बदलून घ्यावे? (सातपूर)

उत्तर: जाईल. टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद पाच हजार मीटरवर निम्म्याहून थोडीच जास्त उरते. म्हणून चढाला पहिला-दुसरा गिअर आणि हलके सामान. छतावर कॅरिअर नको. अर्ध्या क्लचवर गाडी धरून ठेवणे हे तिथल्या बिघाडांचे मोठे कारण. उभे राहायचे तर हँडब्रेक ओढा. निघण्याआधी क्लच असा तपासा: चौथ्या गिअरमध्ये ताशी ४० च्या वेगाने जाताना अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबा. इंजिनाचा आवाज चढला आणि वेग तसाच राहिला तर क्लच प्लेट बदलायला झाली.

ब्रेक ऑइल दोन वर्षांपूर्वीचे असेल तर बदलाच. ते हवेतले पाणी शोषते, लांब उतारावर तापून त्याची वाफ होते आणि पेडल एकदम खाली जाते. उतार नेहमी ज्या गिअरमध्ये चढला असता त्याच गिअरमध्ये उतरायचा. टायरच्या कडेवरचे चार आकडे म्हणजे आठवडा आणि वर्ष: २३२१ असेल तर २०२१ चा तेविसावा आठवडा. नक्षीची खोली ४ मिमीच्या खाली असेल तर नवे टायर घ्या, कायद्याला १.६ पुरत असले तरी.

स्टेपनीत हवा भरून घ्या आणि चाकांचे नट घरीच एकदा स्वतःच्या पान्याने सैल करून पुन्हा आवळा. टायरवाल्याने मशीनने आवळलेले नट रस्त्यात गाडीतल्या पान्याने हलत नाहीत. जॅक आणि पाना बॅगांच्या खाली पुरू नका.

सर्व्हिसिंग निघण्याच्या आदल्या दिवशी कधीच नको, पंधरा दिवस आधी. मग पूर्ण सामान आणि चौघांसह सापुतारा गाठा, वघईकडचा घाट उतरून परत चढा. काही गळत असेल, वास येत असेल, तर घराजवळ कळेल.

प्रश्न: उंचावर टायरमधली हवा कमी करावी लागते का? जादा पेट्रोल किती न्यावे? (पंचवटी)

उत्तर: चिप्सचे पाकीट खिंडीत फुगते तसा बाहेरचा दाब घटल्याने टायरचा दाबही चढतो, लेहला सुमारे ४ पीएसआय. पण थंडीने तो तितकाच उतरतो, दर साडेपाच-सहा अंशांना साधारण १. त्यामुळे नाशिकच्या उन्हात ३३ भरलेले टायर लेहच्या पहाटे बहुधा ३३ च्याच जवळ दिसतात. स्वतःचे गेज ठेवा आणि सकाळी, गार टायरवर मोजा. दुपारी तापलेल्या टायरची हवा काढून टाकलीत तर मनाली उतरेपर्यंत टायर बसका होतो आणि खड्ड्यात रिमवर मार लागतो.

पेट्रोल: लेह सोडताना मनालीच्या वाटेवर कारू गावात टाकी काठोकाठ भरा. पुढचा भरवशाचा पंप लाहौलमध्ये, साधारण साडेतीनशे किमीवर. मैदानात १८ देणारी गाडी इथे १२ देते असे धरा, म्हणजे २९ लिटर. टाकी ३५ ची असेल तर उरते सहा लिटर, आणि रस्ता बंद पडून माघारी फिरावे लागले तर ते पुरणार नाही. दहा लिटरचा घट्ट झाकणाचा पत्र्याचा कॅन घ्या, प्लास्टिकचा नको. काठोकाठ न भरता थोडी जागा ठेवा, उंचावर बाहेरचा दाब घटल्याने कॅन फुगतो. नाले बर्फ वितळून दुपारनंतर फुगतात, म्हणून सरचूहून पहाटे निघून बारालाचा खिंड सकाळीच ओलांडा.

प्रश्न: मोबाइल चालेल का? श्रीनगरपर्यंत विमानाने जाऊन तिथून सेल्फ ड्राइव्ह गाडी भाड्याने घेतली तर? (नाशिकरोड)

उत्तर: महाराष्ट्रातले प्रीपेड सिम जम्मू-काश्मीर आणि लडाखमध्ये चालत नाही. घरातले एक तरी पोस्टपेड करून घ्या आणि नकाशे आधीच उतरवून ठेवा. भाड्याची गाडी नको. बाहेरून आणलेल्या भाड्याच्या गाड्या लडाखच्या टॅक्सी संघटना पँगाँग, नुब्राकडे जाऊ देत नाहीत, मग तिथे वेगळी टॅक्सी करावी लागते. विमानानेच जायचे असेल तर थेट लेहची टॅक्सी ठरवा आणि पहिले दोन दिवस खोलीवर विश्रांती घ्या.