न्यू जर्सीत घर भाड्याने घेण्याआधी आसपास नोंदणीकृत लैंगिक गुन्हेगार राहतात का, हे कसं तपासायचं?

राज्य पोलिसांच्या साइटवर फुकट शोधता येतं. फोटो, पत्ता, गुन्हा दिसतो. पण काहीच सापडलं नाही म्हणून निर्धास्त होऊ नका. १९९४च्या मेगन्स लॉनुसार, म्हणजे अशा गुन्हेगारांची नोंदणी आणि लोकांना सूचना देण्याच्या कायद्यानुसार, इथे धोक्याप्रमाणे तीन टियर (पातळ्या) आहेत, पहिला सर्वांत कमी धोक्याचा. पहिल्या टियरची माहिती साधारणपणे पोलिसांपुरतीच राहते. दुसऱ्यातली शाळा-संस्थांना कळवतात, साइटवर त्यातली सगळी नावं येतातच असं नाही. तिसऱ्यासाठी मात्र पोलीस घरोघरी जाऊन सांगतात. नदी ओलांडून पेनसिल्व्हेनियात गेलात की नियम वेगळे! त्यामुळे केंद्रीय न्याय खात्याची एनएसओपीडब्ल्यू साइटही बघा, ती सगळ्या राज्यांच्या याद्या एकदम चाळते. नाव जुळलं तरी फोटो आणि वय ताडून घ्या, एकाच नावाचे बरेच निघतात. आणि यादीतल्या कुणाला त्या माहितीवरून त्रास दिलात, तर गुन्हा तुमच्यावर दाखल होऊ शकतो.