रडीचा डाव आणि एकुलता एक

प्रश्न : माझा मुलगा सात वर्षांचा, एकुलता एक. आम्ही दोघं नोकरीला, डोंबिवलीहून रोजची लोकल, तो शाळेनंतर पाळणाघरात. मोठ्यांशी मस्त गप्पा मारतो पण पोरांत गेला की दहा मिनिटांत भांडण, हरला की रडत घरी. सासूबाई लालबागच्या चाळीत राहिलेल्या, म्हणतात आम्ही चार पोरं वाढवली, असली नाटकं नव्हती. माझ्या नोकरीमुळे होतंय का हे?

उत्तर : अहो ताई, नोकरीवर खापर फोडू नका. सासूबाईंचं निम्मं बरोबर आहे, पण चाळीत पोरांना बरंचसं पोरांनीच वाढवलं. गिरणीत तीन पाळ्या, रात्रपाळी करून आलेला माणूस एका खोलीत दिवसा झोपणार, मग पोरं आपोआप बाहेर, गॅलरीत नाहीतर खाली चौकात. तिथे लहान असला की कच्चा लिंबू, आउट झाला तरी चालायचं, आणि कधीतरी मोठी पोरंच ठरवायची की हा आता पक्का, याच्यावरही राज्य येणार. रडला तर 'रडीचा डाव खडी' ऐकून घ्यायचं, कट्टी करायची, दोन दिवसांत बट्टी. यात कुणाची आई मध्ये पडायची नाही, तिला वेळच कुठे होता!

आता ती पोरंच कमी झालीयेत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 1992-93 ला महाराष्ट्रात बाईमागे सरासरी 2.9 मुलं होती, 2019-21 ला 1.7. सख्खं भावंड नाही, चुलत-मामे मोजकेच, त्यामुळे तुमचा लेक घरी कायम मोठ्यांत, आणि मोठे मुद्दाम हरतात (कॅरममध्ये तुम्हीही हरत असाल, खरं सांगा).

पाळणाघर बंद करू नका, फक्त तिथे विचारा की लहानमोठी पोरं एकत्र खेळतात की वयाप्रमाणे वेगळी बसवतात. एखादा क्लास कमी करून संध्याकाळी त्याला सोसायटीच्या खाली दोन-तीन वर्षांनी मोठ्या पोरांत सोडा, तुम्ही लांब बाकावर बसा आणि भांडण झालं तरी लगेच उठू नका, कुणाला लागलं तरच जा. पहिले काही दिवस रडेल, रडू दे.

आणि चाळीचं फार कौतुक चाललं ना, तर सासूबाईंना हळूच विचारा, धाकट्याला कडेवर घेऊन कोण फिरायचं? मोठी नणंद असेल तर बहुतेक तीच, आणि तिचा लंगडीचा डाव रोज अर्धाच राहिलेला असणार.