चिखलातून आलेला विंचचा दोर

या वेळी आलेली बरीच पत्रं विंचच्या सिंथेटिक दोराबद्दल आहेत. विंच म्हणजे रुतलेली गाडी ओढून काढायला तिच्यावर बसवलेलं यंत्र; त्याची मोटर ड्रम नावाचं नळकांडं फिरवून त्यावर दोर गुंडाळते. दोर सांधणं आणि तपासणं हे माझं रोजचं काम असल्यामुळे ती सगळी एकत्रच घेते.

प्रश्न : गाळात रुतलेली गाडी विंच लावून काढली. घाईत दोर तसाच चिखलासकट ड्रमवर गुंडाळला. आता तो वाळून कडक झाला आहे. प्रेशर वॉशरने धुतला तर चालेल का? साबण कोणता? आणि नाही धुतला तर खरंच काही बिघडतं का?

उत्तर : बिघडतं. ते बाहेरून दिसत नाही, म्हणून तुमच्या पत्राला जास्त जागा देते.

तुमच्या विंचवरचा दोर बहुधा बारा पेडांचा, आतून पोकळ विणीचा असेल. त्याचा धागा म्हणजे अतिशय लांब रेणूंचं पॉलिथिलीन. डायनिमा, स्पेक्ट्रा ही त्याचीच व्यापारी नावं. हा धागा पाणी शोषत नाही, कुजत नाही. नुसत्या चिखलाने त्याला काही होत नाही. त्याचा खरा शत्रू म्हणजे चिखलातली कच. वाळूचे बारीक कण विणीच्या फटींतून आत शिरतात. दोर सैल असेपर्यंत ते नुसते पडून असतात. गाडीचं वजन आलं की बाराही पेड एकमेकांवर दाबले जातात, थोडे थोडे सरकतात आणि मधले कण धागे चिरत जातात. प्रत्येक ओढीत थोडं थोडं. माझ्याकडे असे दोर येतात, जे वरून धडधाकट दिसतात आणि वीण उघडली की आत तुटक्या धाग्यांचा भुगा निघतो.

म्हणून प्रेशर वॉशर नको. त्याचा झोत वरचा चिखल उडवतो, दोर स्वच्छ दिसायला लागतो, पण सुटे कण तो आणखी खोल ठोकतो. जवळून मारला तर बारीक धागेही उपसतो.

दोर ड्रमवरून पूर्ण उतरवा. ड्रमवर असतानाच पाणी मारून भागत नाही. आतल्या थरांपर्यंत ते पोचत नाही आणि पोचलं तरी कच तिथेच साचते. उतरवलेला दोर मोठ्या टबात कोमट किंवा गार पाण्यात सैल वेटोळी करून काही तास भिजत ठेवा. वाळलेला गाळ आधी सुटू द्या. कोरड्या दोरावर ब्रश घासला तर कच ब्रशबरोबर आत जाते. पहिलं पाणी ओतून टाका, नव्या पाण्यात थोडा सौम्य साबण घाला. भांड्यांचा किंवा लोकरीच्या कपड्यांचा द्रव साबण पुरतो. ब्लीच, पेट्रोल, थिनर, इंजिनचं तेलकट काढणारी रसायनं यांपैकी काहीही नको. धागा पुष्कळ रसायनांना दाद देत नाही हे खरं, पण त्यावर कारखान्यात दिलेलं लेपन असतं आणि तेच घासापासून पहिलं संरक्षण असतं. नव्या दोराचा थोडा रंग पाण्यात उतरला तर तो या लेपनाचा असतो. त्याने घाबरू नका.

आता मुख्य काम. पाण्याखाली दोर दोन्ही हातांत, वीतभर अंतर ठेवून धरा आणि हात एकमेकांकडे ढकला. पोकळ वीण फुगते, पेडांमधल्या फटी उघडतात आणि आतली माती ढगासारखी बाहेर येते. हात सोडून दोर ताणा, पुन्हा ढकला. असं एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत करत जा. २५ मीटर दोराला वेळ लागतो, पण याला दुसरा उपाय मला माहीत नाही. बाहेरून कितीही घासलं तरी पोकळीतली कच निघत नाही. सांध्याजवळ, म्हणजे हुक अडकवायच्या फासापाशी (याला डोळा म्हणतात), दोर दुहेरी असतो. तिथे आणखी वेळ द्या, कारण जमिनीवर सगळ्यात जास्त तोच भाग लोळतो.

दोर पुरेसा धुतला गेला का, हे टबाचा तळ सांगतो. हा धागा पाण्यापेक्षा हलका असतो, त्याची घनता ०.९७ आहे, त्यामुळे स्वच्छ दोर वर राहतो आणि कच खाली बसते. शेवटच्या पाण्यातून दोर काढा, पाणी थोडा वेळ स्थिर राहू द्या, मग हलकेच ओतून तळावरून बोट फिरवा. खरखर लागली तर आणखी एकदा. साबणाचं पाणीही पूर्ण निघालं पाहिजे, कारण चिकट राहिलेला साबण पुढची धूळ धरून ठेवतो.

वाळवायचा तो सावलीत, वारा लागेल तिथे, सैल वेटोळ्यांत. हेअर ड्रायर, हीटर, गरम बॉनेट यांपासून लांब. दोर कुजण्याची भीती नसली तरी ओला दोर ड्रमवर ठेवला की ड्रमचं आणि हुकाजवळच्या थिंबलचं (डोळ्याच्या आत बसवलेल्या लोखंडी कड्याचं) लोखंड गंजतं आणि गंजाचे कण पुन्हा दोरातच जातात. कडक थंडीत तर विणीतल्या पाण्याचा बर्फ होतो आणि बर्फाचे स्फटिक वाळूचंच काम करतात.

किती वेळा धुवायचा, तर महिने मोजू नका. दोर वाळूत, गाळात किंवा खाऱ्या पाण्यात गेला की धुवायचा, पुढच्या वापराआधी. कोरड्या गवतावर एकदा ओढला असेल तर फडक्याने पुसून पुरे.

प्रश्न : दोरावर सगळीकडे बारीक लव आली आहे. तो बदलायची वेळ झाली का?

उत्तर : एकसारखी, बारीक लव ही वापराची खूण आहे. वरचे धागे घासून तुटतात आणि तीच लव खालच्या धाग्यांना थोडी उशी देते. ती जाळू नका, कात्रीने साफही करू नका.

काळजी करायची ती एकाच जागी आलेल्या झुबक्याची. तिथे दोर दगडावर किंवा बंपरच्या धारेवर घासलेला असतो. झुबक्याखालचे पेड नीट पाहा. सगळ्या पेडांचा मिळून चौथा हिस्सा धागा गेला असेल तर तो भाग वापरातून गेला असं समजा. बारा पेडांच्या दोराला दोर बनवणारे हीच मर्यादा सांगतात. मी स्वतः इतकी वाट पाहत नाही. या दोराच्या टोकाला माणसं उभी असतात.

नुसता उपसून बाहेर आलेला, न तुटलेला पेड मात्र परत बसवता येतो. दोन्ही बाजूंनी दोर थोडा थोडा ओढून सैल पेड विणीत मुरवा. वीण उघडून आतही बघा. बाहेर लव आणि आत गुळगुळीत, तर ठीक. बाहेर ठीक आणि आत लव, तर ते कचेचं काम आहे आणि असा दोर मी परत विंचवर चढवू देत नाही. बोटांच्या चिमटीतून पूर्ण दोर सरकवताना कुठे अचानक बारीक, चपटा किंवा गाठाळ लागला तरी तिथे थांबा. जोराचा झटका बसल्याची ती खूण असते.

प्रश्न : ड्रमजवळचा दोराचा भाग कडक आणि चकचकीत झाला आहे. धुऊनही मऊ होत नाही.

उत्तर : तो भाग हातात घेऊन उलटसुलट वाकवा, मळा. ताणाखाली नुसता दबून चपटा झालेला दोरही चकाकतो, पण मळला की मोकळा होतो. तुमचा होत नसेल तर धागे वितळून एकमेकांना चिकटले आहेत. तो भाग कापूनच काढावा लागेल.

धागा १५० अंशांच्या आसपास वितळतो, पण ताकद त्याच्या खूप आधीच घटू लागते. ७० अंशांच्या वर तो कामाला लावू नये. पुष्कळ इलेक्ट्रिक विंचांचा ब्रेक ड्रमच्या आत असतो. गाडीचं वजन दोरावर असताना मोटर उलटी फिरवून तिला उतारावरून हळूहळू खाली सोडलं की हा ब्रेक घासतो, ड्रम तापतो आणि पहिल्या थराला थेट चटका बसतो. रिकामा दोर बाहेर काढतानाही मोटर न लावता क्लच सोडून हाताने ओढा. पहिल्या थरावर उष्णतारोधक स्लीव्ह घालून घ्या. आणि मोठ्या ओढीनंतर ड्रमला हात लावून बघण्याची सवय ठेवा. हात ठेववत नसेल तर थांबा.

प्रश्न : धुतलेला दोर परत गुंडाळताना हाताने ओढून धरला तर पुरे ना?

उत्तर : नाही. सैल गुंडाळलेल्या दोरावर पहिली मोठी ओढ आली की वरचा वेढा खालच्या थरात रुतून अडकतो. तो सोडवताना होणारी घासाघीस वर्षभराच्या वापराला भारी पडते. विंचांच्या सूचनापुस्तिकांत साधारण २२५ किलोंचा ताण सांगितलेला असतो. तो मिळवायचा सोपा मार्ग म्हणजे सौम्य चढावर दोर भक्कम आधाराला बांधून गाडी स्वतःलाच वर ओढू देणं. दहा मीटरला एक मीटर चढ असेल तर दोन टनांच्या गाडीचा दोनशे किलोंच्या आसपास ताण नुसत्या उतारामुळेच येतो, चाकांचा विरोध वेगळा. गाडीत एक माणूस ब्रेकवर हवाच. पहिला थर वेढ्याला वेढा चिकटून बसला पाहिजे, पुढचे आपोआप नीट बसतात.

हा दोर निसरडा असतो, ड्रमला फक्त वेढ्यांच्या पकडीवर धरून राहतो. ओढताना ड्रमवर कमीत कमी दहा वेढे ठेवा. तारेच्या दोराची पाच वेढ्यांची सवय इथे चालत नाही.

प्रश्न : तार काढून सिंथेटिक दोर घातला. जुने रोलर तसेच ठेवू का?

उत्तर : रोलर म्हणजे ड्रमसमोर दोराला वाट देणाऱ्या फिरत्या दांड्या. तारेने रोलरवर आणि ड्रमवर बारीक काचरे उठवलेले असतात, डोळ्यांना न दिसणारे. कापसाचा बोळा सगळीकडे फिरवा. जिथे कापूस अडकेल तिथे दोरही फाटेल. ड्रमवरचे काचरे कानस आणि पॉलिश पेपरने घालवता येतात. रोलरच्या जागी मात्र गोल कडांचा अ‍ॅल्युमिनियमचा फेअरलीड, म्हणजे दोर ज्यातून जातो ती न फिरणारी चौकट, बसवा. रोलरांच्या कोपऱ्यातल्या फटीत तिरपा ओढलेला दोर चेमटतो. या फेअरलीडमधून पुन्हा कधी तार ओढू नका.

प्रश्न : दोर मऊ राहावा म्हणून सिलिकॉन किंवा कपड्यांचं सॉफ्टनर लावावं का?

उत्तर : नको. कडकपणा कचेमुळे असेल तर धुऊन जातो, वितळल्यामुळे असेल तर कशानेच जात नाही. उन्हापासून जपायचं असेल तर विंचवर कव्हर घाला, ते जास्त उपयोगी.

प्रश्न : दोर तुटला तर गाठ मारून काम भागवता येईल?

उत्तर : या धाग्यावर गाठ धरत नाही, ताणाखाली सरकते. धरलीच तरी दोराची निम्मी ताकद त्या गाठीत जाते. गाठ ड्रमवर आली तर शेजारच्या वेढ्यांनाही काचते. तुटलेलं टोक हुकाजवळ असेल तर खराब भाग कापून नवा डोळा सांधून घ्या. टोक दोराच्या पोकळीत व्यासाच्या साधारण ७२ पट आत जायला हवं, म्हणजे १० मिलिमीटर दोराला ७२० मिलिमीटर. तेवढा दोर कमी होतो, पण उरलेला भरवशाचा राहतो. दोर मधोमध तुटला असेल तर दोन्ही तुकडे आधी धुवा, उघडून तपासा आणि मगच सांधायचे की नाही ते ठरवा. मधोमध दोर सहसा विनाकारण तुटत नाही. आत कच असेल किंवा धागे वितळलेले असतील तर तेच कारण उरलेल्या लांबीतही सापडतं.