गुणदोष लिहिण्याआधी

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तू पाठवलेलं परीक्षण वाचलं. भाषा वाहती आहे, उत्साह खरा आहे आणि मालिकाही अशी निवडली आहेस की तिच्यावर मराठीत कुणी लिहिल्याचं मला तरी आठवत नाही. पण वाचून संपल्यावर त्या मांगाबद्दल, म्हणजे जपानी चित्रकथेबद्दल, एकच गोष्ट हाती लागली, ती म्हणजे तुला ती फार आवडली. 'दडलेलं रत्न' सुरुवातीला आहे, मध्ये आहे आणि शेवटीही आहे. दोषांच्या परिच्छेदात 'गती जरा संथ', 'शेवट घाईत उरकलाय', 'पात्रं अजून फुलवता आली असती' अशी तीन वाक्यं. ती उचलून दुसऱ्या कुठल्याही मालिकेच्या परीक्षणात टाकली तरी खपून जातील.

मालिका फार कुणी वाचलेली नाही, एवढ्यानं तिचं कौतुक होत नाही. ती मागे का राहिली हे मात्र शोधावं, कारण गुणदोषांचा बराच उलगडा तिथेच होतो. मांगा आपल्या हातात पुस्तकाच्या खंडांत येतो, पण तो जन्मतो नियतकालिकात. हरिभाऊ आपट्यांच्या कादंबऱ्या 'करमणूक'मध्ये हप्त्याहप्त्यानं यायच्या, तसाच. म्हणून मी पहिल्यांदा पाहतो ते नियतकालिकाचं नाव. 'शोनेन जंप' हे साप्ताहिक. तिथे चित्रकाराला दर आठवड्याला साधारण १९ पानं द्यावी लागतात. अंकासोबत वाचकांसाठी कार्ड असायचं, त्यावर वाचक आपल्या आवडीच्या तीन मालिका कळवायचे. १९९५च्या सुमारास या साप्ताहिकाचा खप ६५ लाख प्रतींवर गेला होता. एवढ्या मोठ्या मैदानात वाचकांच्या पसंतीत तळाला राहिलेली मालिका तीन-चार महिन्यांत बंद होते, कधी त्याहूनही लवकर. याउलट कोदान्शा या प्रकाशनसंस्थेचं 'आफ्टरनून' हे मासिक. तिथे पानं जास्त, घाई कमी, वाचक वयानं मोठा, आणि काहीही न घडणाऱ्या गोष्टीलाही वर्षानुवर्षं जागा मिळते. तेव्हा 'गती संथ' हा शेरा साप्ताहिकातल्या मालिकेवर मारला तर त्याचा अर्थ एक आणि 'आफ्टरनून'मधल्या मालिकेवर मारला तर दुसराच.

जाता जाता सांगतो, शोनेन (मुलगे), शोजो (मुली), सेइनेन (तरुण पुरुष) ही नावं कथाप्रकाराची नाहीत. मासिक कुठल्या वाचकासाठी निघतं, ते त्यांतून कळतं. तुझ्या लेखात 'सेइनेन असल्यामुळे गंभीर' असं वाक्य आहे, ते काढ.

आता 'शेवट घाईत' या शेऱ्याकडे वळू. नाओशी कोमी यांची 'डबल आर्ट्स' ही मालिका घे. २००८मध्ये 'जंप'मध्ये सुरू झाली आणि २३ प्रकरणांत, तीन खंडांत आटोपली. याच चित्रकाराची 'निसेकोई' पुढे २५ खंड चालली आणि तीच सगळ्यांना माहीत आहे. 'डबल आर्ट्स'मध्ये ट्रॉय नावाचा रोग आहे. काही 'सिस्टर' रोग्यांच्या अंगातलं विष स्वतःत ओढून घेतात आणि शेवटी त्याच विषानं मरतात. एल्रेन ही अशीच एक सिस्टर. किरी नावाच्या मुलाच्या स्पर्शानं तिचा रोग थांबतो. म्हणजे हात सोडला की ती मेली. मालिकेची सगळी ताकद या एका अटीत आहे, आणि ती अट चित्रकारानं स्वतःवर लादून घेतलेली आहे: प्रत्येक चौकटीत दोन देह एकमेकांना जोडलेले काढायचे. जेवण, झोप, पळापळ, मारामारी, सगळं हात न सोडता. त्यामुळे साधी चालण्याची चौकटही ताणलेली वाटते. परीक्षणात हे यायला हवं, आणि एखादं पान समोर ठेवून यायला हवं.

तिचा दोषही नेमका सांगता येतो. जग मांडायची घाई झाली आहे. टोळ्या, संस्था, नवी नवी नावं भराभर येतात, माहिती संवादांतून ओतली जाते, आणि यातल्या बहुतेकांचं पुढे काहीच होत नाही. यातला कुठला दोष लेखकाचा आणि कुठला मालिका अकाली थांबल्याचा? धागे सुटे राहिले हे थांबण्यामुळे. पण पहिल्या काही प्रकरणांतच इतके धागे काढून ठेवणं हा लेखकाचा निर्णय होता, कदाचित वाचकाला धरून ठेवायच्या धडपडीतला. दोन्ही वेगळे लिही. अर्धवट राहिलेल्या मालिकेबद्दल 'पूर्ण झाली असती तर महान ठरली असती' असं मात्र कधीही लिहू नकोस. जे २३ प्रकरणांत आहे त्याचंच मोजमाप करायचं.

मासिकच बंद पडलं तर काय होतं, तेही पाहा. शोगाकुकान या प्रकाशनसंस्थेचं 'इक्की' हे मासिक २०१४मध्ये बंद झालं. त्यातली 'दोरोहेदोरो' ही मालिका मग 'हिबाना' या मासिकात गेली, तेही २०१७मध्ये बंद झालं, तेव्हा ती तिसऱ्या मासिकात गेली आणि २०१८मध्ये २३ खंडांवर संपली. अशा मालिकेच्या मधल्या खंडांत लय बदललेली जाणवली, तर आधी हा प्रवास तपास, मग लेखकाच्या 'थकव्या'बद्दल लिही.

आता मला जास्त जवळच्या मालिकेकडे येतो. हितोशी आशिनानो यांची 'योकोहामा काइदाशी किको'. 'आफ्टरनून'मध्ये १९९४ ते २००६, १४ खंड. २००७मध्ये तिला विज्ञानकथांसाठीचा सेइउन पुरस्कार मिळाला, तरी इंग्रजीत अधिकृतपणे यायला २०२२ उजाडलं. तोवर जपानबाहेरचे वाचक ती हौशी भाषांतरांतूनच वाचत होते. समुद्र चढला आहे, शहरं बुडाली आहेत, माणसं थोडी उरली आहेत. आल्फा नावाची रोबो मुलगी मिउरा द्वीपकल्पावर एक कॅफे चालवते आणि प्रवासाला गेलेल्या मालकाची वाट पाहते. कॅफेत गिऱ्हाईक क्वचित येतं. ती स्कूटरवरून फिरते, कॉफी करते, आभाळ बघते. पाण्याखाली गेलेल्या वस्तीतले रस्त्यांवरचे दिवे संध्याकाळी लागतात, ते टेकडीवरून पाहते.

'शांत, सुंदर, मनाला गारवा देणारी' असं हिच्याबद्दल सगळेच म्हणतात. तू त्यापुढे जा. शांतता पानावर कशी तयार होते? कितीतरी पानांवर एकही संवादफुगा नाही. एकाच क्षणाच्या तीन-चार बाजू दाखवणाऱ्या चौकटी एकापाठोपाठ येतात: गवत, हात, पाणी, पुन्हा गवत. काळ पुढे सरकत नाही, तिथल्या तिथे पसरतो. आणि मग काही खंडांनंतर लक्षात येतं की शेजारचा ताकाहिरो उंच झालाय, माक्की आता लहान राहिलेली नाही, आणि आल्फा मात्र होती तशीच आहे. हे कुणी बोलून दाखवत नाही, चित्रातल्या उंचीच्या फरकातून कळतं. मूळ वाचकानं हे १२ वर्षांत, दर महिन्याला थोडं थोडं पाहिलं. तू १४ खंड दोन सुट्ट्यांत संपवलेस, तर तुला ते कंटाळवाणं वाटणं साहजिक आहे, पण तो कंटाळा मालिकेच्या खात्यावर मांडायच्या आधी जरा विचार कर. दिवसाला दोन प्रकरणं, एवढ्याच वेगानं वाचून बघ.

दोषही मोठा आहे, आणि चाहते त्याला हात लावत नाहीत. जग कशानं बुडालं हे कधीच नीट सांगितलेलं नाही, ही तक्रार मला किरकोळ वाटते. मला खटकतं ते वेगळंच. एवढी मोठी पडझड झाली आणि कुणी उपाशी नाही, कुणी चिडलेलं नाही, कुणाचं घर बुडाल्याचं दुःख घरातल्या माणसाच्या तोंडून येत नाही. मानवजातीची संध्याकाळ इतकी सुखद दाखवताना लेखकानं तिची किंमत चौकटीबाहेर ठेवली. काहींना हेच तिचं सौंदर्य वाटेल. मला ते सौंदर्य कबूल आहे आणि तरी ही पळवाट वाटते. ज्या निर्णयातून शांतता आली, त्याच निर्णयातून ही पोकळीही आली. तुझ्या लेखात गुण आणि दोष असे दोन कप्पे केलेत, त्यात ही गोष्ट कुठल्या कप्प्यात घालशील? म्हणून म्हणतो, कप्पे मोड. निर्णय पकड आणि त्यानं काय दिलं, काय घेतलं ते एकाच परिच्छेदात येऊ दे.

त्याच मासिकातली दाइसुके इगाराशी यांची 'लिटल फॉरेस्ट' तुला झेपेल, दोनच खंड आहेत. २००२ ते २००५. जपानच्या ईशान्येकडच्या तोहोकू भागातल्या कोमोरी नावाच्या खेड्यात इचिको एकटी राहते, शेती करते, आणि प्रत्येक प्रकरणात काहीतरी रांधते. इगाराशी स्वतः इवाते प्रांतात राहून शेती करत होते, ते चित्रांत उतरलं आहे: चिखलात पाय कसा रुततो, सरपण कसं रचतात, पदार्थ नेमका कुठल्या क्रमानं होतो. आई तिला सोडून निघून गेली आहे, आणि ही गोष्ट घरच्या वूस्टर सॉससारख्या क्षुल्लक वस्तूच्या आडून येते. हे खरं कसब आहे. पण युता नावाचा शेजारी इचिकोला सुनावतो की तू इथे राहतेस ती पळ काढून, तेव्हा कथेत पहिल्यांदा खरा पेच येतो. लेखक तो थोडक्यात मांडतो आणि मग काही वर्षांची उडी मारून मिटवून टाकतो. पाककृतीला जेवढी पानं मिळाली तेवढी या प्रश्नाला मिळायला हवी होती, असं मला वाटतं. बघ, इथे 'शेवट घाईत' म्हणायला आधार आहे, कारण मी कुठली घाई आणि कशाच्या तुलनेत हे सांगू शकतो.

या मालिकेवर लिहिताना 'अगदी आपल्या कोकणासारखं' लिहायचा मोह होईल. भातलावणी आहे, पाऊस आहे, म्हणून होईलच. लिहू नकोस. तोहोकूचा हिवाळा बर्फाचा आहे, आणि महिनोन्‌महिने पुरेल अशी साठवण हा त्या पुस्तकाचा कणा आहे. कोकणाचं नाव आलं की वाचक आपल्या आठवणींत शिरतो आणि पुस्तक बाजूला राहतं.

'गर्ल्स लास्ट टूर'बद्दल तू विचारलं होतंस. त्सुकुमिझु यांच्या या सहा खंडांत माणसं गोलमटोल, जवळजवळ वहीच्या कोपऱ्यात काढल्यासारखी आहेत आणि भोवतीचं थरांचं शहर प्रचंड. 'चित्रं कच्ची' असं तू म्हणतोस, मला ते पटत नाही. चितो आणि युरी किती क्षुल्लक आहेत हे त्या प्रमाणातूनच कळतं. माझी तक्रार संवादांबद्दल आहे. चित्रानं जे सांगून झालंय, ते दोघी कधी कधी तत्त्वज्ञानासारखं पुन्हा बोलून दाखवतात.

चित्रांवर ठपका ठेवण्याआधी तू नक्की काय पाहतोयस, तेही तपास. मासिकात रंगीत छापलेली पानं खंडात बहुतेकदा करडी होतात आणि गढूळ दिसतात. तो चित्रकाराचा हात नव्हे. हौशी स्कॅनमध्ये स्क्रीनटोनच्या, म्हणजे करड्या छटा दाखवणाऱ्या, ठिपक्यांवर लाटा उमटतात, बारीक रेषा पुसल्या जातात. जपानी मजकूर उभा असतो म्हणून फुगे उंच आणि अरुंद काढलेले असतात. त्यांत इंग्रजी आडवं कोंबलं की संवाद तुटक वाटतो. आणि फोनवर एकेक पान सरकवत वाचलंस तर जोडपान तुटतं. मांगा उजवीकडून डावीकडे वाचतात. डाव्या पानाच्या शेवटी काहीतरी अडकवून ठेवायचं आणि पान उलटल्यावर उजव्या पानाच्या माथ्याशी ते उघड करायचं, हे चित्रकारांचं नेहमीचं हत्यार आहे. दोन पानं शेजारी शेजारी न पाहता 'धक्का बसत नाही' असं लिहिलंस तर चूक तुझी. संवादांच्या शैलीबद्दलही जपून. भाषांतरातून तुला प्रसंगाची बांधणी कळेल, कोण कोणाशी केव्हा गप्प बसतं हे कळेल. मूळ वाक्याचा डौल कळणार नाही, तेव्हा त्याची स्तुतीही करू नकोस.

आणखी एक. चित्रकाराला बोचेल म्हणून दोष सौम्य करायची गरज नाही, तो तुझं मराठी वाचणार नाही. पण कुणीतरी तुझ्यावर विश्वास ठेवून पुस्तकाला हजाराच्या घरात पैसे घालणार आहे. इथे असे खंड महाग पडतात, बरेचसे मागवावे लागतात. त्या माणसाला पहिला खंड घेऊन थांबावं की पुढचेही घ्यावेत, हे तुझ्या लेखातून कळलं पाहिजे. काही मालिका तिसऱ्या खंडापर्यंत चाचपडतात आणि मग सूर सापडतो. तसं असेल तर स्पष्ट सांग, आणि तिथवर जाणं परवडेल का हेही सांग.

पुढच्या खर्ड्यात मासिकाचं नाव, सालं आणि खंडसंख्या पहिल्या परिच्छेदातच येऊ दे. एखादं जोडपान निवड आणि चौकट-चौकट करत त्यावर किमान दीडशे शब्द लिही, विशेषणं न वापरता. त्या जोडपानाचा फोटोही सोबत पाठव, म्हणजे मला पडताळून पाहता येईल. शेवटाबद्दल लिहिणार असशील तर वाचकाला आधी सावध कर, पण ज्या मालिकेचा दोष शेवटातच आहे तिथे शेवट झाकून समीक्षा करू नकोस.

कळावे, लोभ असावा.