फक्त ऑइल बदलून भागत नाही
गाडीचं इंजिन ऑइल वेळेवर बदलतोस, छान. पण ब्रेक फ्लुइड, म्हणजे पेडलचा दाब ब्रेकपर्यंत नेणारं द्रव, शेवटचं कधी बदललंस? ते हवेतली ओल शोषतं आणि त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो. लांब उतारावर सारखे ब्रेक दाबले की आत वाफ धरते, पेडल स्पंजासारखं खाली जातं. माझं एकदा गेलंय, पाय तळाला टेकला तेव्हा घाम फुटला! गाडी कमी फिरत असली तरी साधारण 2 वर्षांनी बदलून घे.

टायरची नक्षी शाबूत दिसली तरी वयानुसार रबर कडक होतं. टायर कधी बनला ते कळायला त्याच्या कडेवर छापलेल्या डॉट (DOT) कोडचे शेवटचे चार आकडे वाच. 2319 म्हणजे 2019 चा 23वा आठवडा. गाडीच्या आत येणारी हवा गाळणारा केबिन फिल्टर बहुधा ग्लोव्ह बॉक्समागे असतो, घरीच निघतो. आणि हो, स्टेपनीत हवा आहे ना?