आधी विमा की आधी जनुक तपासणी? नाशिकच्या वाचकाला उत्तर

नाशिकच्या एका ३४ वर्षांच्या वाचकाचा प्रश्न थोडक्यात असा. मोठ्या भावाला ३८व्या वर्षी दोन्ही किडन्यांत कॅन्सरच्या गाठी निघाल्या. ऑपरेशननंतर जनुक तपासणीत ‘व्हॉन हिप्पेल-लिंडाऊ’, म्हणजे व्हीएचएल, हा शरीरात ठिकठिकाणी गाठी होऊ देणारा आनुवंशिक दोष सापडला. वडील ४५व्या वर्षी ‘मेंदूतल्या गाठी’नं गेले. दादाचे डॉक्टर म्हणतात, सख्ख्या भावंडांनी तपासून घ्यावं. विमा एजंट असलेला आतेभाऊ म्हणतो, तपासू नकोस. ‘कुटुंबात कोणाला काही नाही’ असं लिहून एक कोटीचा टर्म (मृत्यू झाला तरच पैसे देणारा विमा) आणि दहा लाखांचा आरोग्य विमा काढ, मग बघू. पत्नी म्हणतात, नऊ लाखांची एफडी मोडून गृहकर्जात भरू, डोक्यावरचं ओझं तरी कमी होईल. हातात येणारा पगार ९५ हजार. कर्ज ३१ लाख, साडेआठ टक्क्यांनी, १६ वर्षं बाकी. कंपनीचा पाच लाखांचा आरोग्य विमा, पाच लाखांची जुनी एंडोमेंट (विमा आणि बचत एकत्र असलेली) पॉलिसी, पीपीएफमध्ये साडेसहा लाख. पत्नी खासगी शाळेत शिक्षिका, मुलगी सहा वर्षांची.

नमस्कार,

तुमच्या आतेभावाचं अर्धं म्हणणं बरोबर आहे. विम्याचा अर्ज जनुक तपासणीच्या आधी गेलेला चांगला. पण त्या अर्जावर खोटं लिहायचं, हा उरलेला अर्धा भाग तुम्ही ऐकू नका.

त्याचा हिशोब मला कळतो. आयुर्विम्यात विमा कायद्याच्या कलम ४५ नुसार पॉलिसीला तीन वर्षं झाली की कंपनी ती कोणत्याही कारणानं नाकारू शकत नाही. म्हणून एजंट मंडळी सर्रास सांगतात, ‘तीन वर्षं काढ, मग कोणी विचारत नाही.’ आता ही तीन वर्षं तुमच्या बाबतीत कोणती आहेत ते बघा. व्हीएचएलमध्ये किडनीचा कॅन्सर सापडण्याचं सरासरी वय चाळिशीच्या आसपास आहे आणि तुम्ही ३४ चे आहात. ज्या काळात धोका चढत जाणार, नेमक्या त्याच काळात तुमच्या पत्नीच्या हातात कच्ची पॉलिसी असणार. आरोग्य विम्यात तर मुदत आणखी लांब आहे. ६० महिने सलग हप्ते भरल्यावर कंपनी अर्जात न दिलेल्या माहितीवरून दावा नाकारू शकत नाही, पण फसवणूक सिद्ध झाली तर तेव्हाही नाकारू शकते.

आणि हे लपत नाही हो. तुम्ही उद्या पोटात दुखतं म्हणून ॲडमिट झालात, तर रात्रपाळीचा तरुण डॉक्टर पहिल्या पानावर तुमच्याच तोंडून ऐकून लिहितो: ‘भाऊ – किडनी कॅन्सर, व्हीएचएल, वडील – मेंदूची गाठ, मृत्यू ४५व्या वर्षी.’ कॅशलेसच्या कागदांबरोबर ते पान टीपीएकडे, म्हणजे विमा कंपनीसाठी दावे तपासणाऱ्या संस्थेकडे, जातं. तिथे बसलेला माणूस ते पान आणि तुमचा मूळ अर्ज शेजारी-शेजारी ठेवतो. त्याचं कामच ते आहे. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात खरं, पण दाव्याच्या वेळी ती मूठ तुम्हाला स्वतःलाच उघडावी लागते.

तेव्हा अर्जात कुटुंबाच्या आजारांच्या रकान्यात दादा आणि वडील दोघंही लिहा, वयासकट. त्यापुढे आणखी एक प्रश्न असतो आणि लोक तो घाईत ‘नाही’ करून टाकतात: ‘तुम्हाला एखादी तपासणी सुचवली गेली आहे का, जी अजून केलेली नाही?’ दादाच्या रिपोर्टच्या शेवटी बहुधा ‘रक्ताच्या जवळच्या नातेवाइकांनी तपासणी करावी’ असं वाक्य असेल. डॉक्टर तुमच्याशी तोंडी बोललेले आहेतच. या प्रश्नाला तुमचं उत्तर ‘होय’ आहे. पत्रात ओझरतं लिहिलंय की ऑफिसच्या तपासणीत दोनदा बीपी वाढलेलं निघालं. तेही लिहा. त्या बीपीबद्दल मात्र आणखी बोलायचं आहे.

एवढं सगळं लिहिल्यावर कंपनी काय करेल? टर्म विम्यात तीन शक्यता: जादा हप्ता लावेल, ‘तपासणी करून परत या’ म्हणून अर्ज पुढे ढकलेल, किंवा नाकारेल. एकदा ढकलला किंवा नाकारला की पुढच्या प्रत्येक अर्जात ‘आधी कोणी नाकारलंय का’ याला ‘होय’ लिहावं लागतं. म्हणून चार ठिकाणी एकदम अर्ज टाकू नका. नाव न देता तुमची वैद्यकीय माहिती दोन-तीन कंपन्यांच्या अंडररायटरना, म्हणजे अर्ज पारखून निर्णय घेणाऱ्यांना, दाखवून अंदाज घेणारे ब्रोकर असतात. त्यांच्याकडून आधी कौल घ्या, मग एकाच जागी अर्ज करा. रक्कम एक नव्हे, दीड कोटी मागा. ३१ लाख कर्जात गेल्यावर उरलेल्या रकमेवर मुलीचं शिक्षण आणि घरखर्च चालायला हवा.

वैयक्तिक टर्म मिळाला नाही तरी एक दार बहुतेकांच्या लक्षात येत नाही. तुमच्या कंपनीच्या एचआरला विचारा, ग्रुप टर्म विमा आहे का आणि स्वतःचे पैसे भरून तो वाढवता येतो का. गट विम्यात ठरावीक रकमेपर्यंत वैद्यकीय तपासणी लागत नाही. नोकरी सुटली की तो जातो हे खरं, पण आज काहीच नसण्यापेक्षा बरा. आणि ती जुनी एंडोमेंट, जी एरवी मी डोळे झाकून पेडअप करायला (हप्ते थांबवून कमी रकमेवर चालू ठेवायला) सांगितली असती, तिला हात लावू नका. तीन वर्षं उलटून गेलेली, कोणी प्रश्न न विचारू शकणारी तुमच्याकडची ती एकमेव पॉलिसी आहे.

आरोग्य विम्याचं चित्र थोडं बरं आहे. २०१८ साली दिल्ली उच्च न्यायालयानं हृदयाच्या आनुवंशिक आजाराच्या एका प्रकरणात ‘आनुवंशिक आजार सरसकट वगळले’ या अटीला भेदभाव ठरवलं. पुढे २०१९ मध्ये विमा नियामक आयआरडीएआयनं अपवादांचे नियम प्रमाणित केले आणि आनुवंशिक आजार सरसकट वगळण्याला मनाई केली. म्हणजे पॉलिसी मिळाली, तर ‘हा जनुकाचा आजार आहे’ एवढ्यावर दावा फेटाळता येत नाही. पण पॉलिसी द्यायचीच की नाही, हप्ता किती लावायचा, हे अजून कंपनीच्या हातात आहे. अमेरिकेत २००८ सालापासून जनुकीय माहितीवरून आरोग्य विम्यात भेदभाव करायला कायद्यानं बंदी आहे, आपल्याकडे तसा स्वतंत्र कायदा नाही. आधीपासूनच्या आजारांची प्रतीक्षा आता जास्तीत जास्त ३६ महिने आहे, पूर्वी ती ४८ होती. तुमच्या दृष्टीनं हे घड्याळ जितकं लवकर सुरू होईल तितकं चांगलं. शिवाय पुढे विम्याची रक्कम वाढवली की वाढीव भागाला प्रतीक्षा नव्यानं लागते, म्हणून सुरुवातच मोठी करा: दहा लाखांची मूळ पॉलिसी आणि त्यावर ४० ते ५० लाखांचा सुपर टॉप-अप, म्हणजे मूळ रकमेच्या वरचा खर्च देणारी जोड-पॉलिसी. वैयक्तिक विम्यावरचा १८ टक्के जीएसटी सप्टेंबर २०२५ पासून गेल्यामुळे तेवढा तरी दिलासा आहे.

पॉलिसी निवडताना जाहिरात बाजूला ठेवा आणि पोटमर्यादांचं, म्हणजे कोणत्या उपचाराला जास्तीत जास्त किती रक्कम मिळेल याचं, पान वाचा. व्हीएचएलमध्ये किडनीवर एकच ऑपरेशन होऊन विषय संपत नाही. गाठी पुन्हा येतात. सर्वांत मोठी गाठ साधारण तीन सेंटिमीटरची होईपर्यंत लक्ष ठेवायचं आणि मग किडनी वाचवून फक्त गाठ काढायची, अशी जगभरची पद्धत आहे. हे काम बऱ्याच ठिकाणी रोबोटनं होतं. आता रोबोटिक सर्जरी, तोंडानं घ्यायची केमोथेरपी, डोळ्यात द्यायची इंजेक्शनं, स्टिरिओटॅक्टिक रेडिओसर्जरी (नेमक्या गाठीवर किरणांचा मारा) ही सगळी नियामकाच्या ‘आधुनिक उपचारां’च्या यादीत आहेत. कंपनीला ती द्यावी लागतात, पण बऱ्याच पॉलिसी त्यांवर एक-दोन लाखांची किंवा निम्म्या रकमेची टोपी घालतात. दहा लाखांची पॉलिसी अशी ऐन वेळी दोन लाखांची होते. तसंच ‘रिस्टोअर’ची, म्हणजे संपलेली रक्कम पुन्हा भरून मिळण्याची, सोय त्याच आजाराला दुसऱ्यांदा मिळते का, हेही विचारून घ्या. क्रिटिकल इलनेस (यादीतल्या गंभीर आजाराचं निदान झालं की ठरलेली रक्कम देणारा विमा) घ्यायचा विचार असेल तर यादीत ‘मेंदूची साधी गाठ’ हा आजार वेगळा लिहिलेला हवा. व्हीएचएलमधल्या मेंदूच्या आणि मणक्याच्या गाठी कॅन्सरच्या नसतात, त्यामुळे कॅन्सरच्या व्याख्येत बसत नाहीत, पण माणसाला अंथरुणाला खिळवू शकतात.

आता तपासणी. ही पुढे ढकलायची नाही. विम्याचा अर्ज गेला, अंडररायटिंग सुरू झालं, याला सहा ते आठ आठवडे धरा. तपासणीची तारीख आजच त्यापुढची घेऊन ठेवा आणि विमा कंपनीचं उत्तर काहीही येवो, ती बदलू नका. अपवाद एकच: लघवीतून रक्त, नजर अंधुक होणं, सतत डोकेदुखी, किंवा तुमचं ते बीपी. व्हीएचएलमध्ये मूत्रपिंडाच्या वरच्या ग्रंथीत फिओक्रोमोसायटोमा नावाची गाठ होऊ शकते आणि तिच्यानं बीपी उसळतं. निदान न होता दुसऱ्याच कशासाठी भूल दिली गेली तर जीवावर बेतू शकतं. म्हणून डॉक्टरांना या आठवड्यात भेटा, दादाचा रिपोर्ट घेऊन. त्यांनी लगेच तपासण्या सांगितल्या तर विम्याचा क्रम गेला खड्ड्यात.

खर्चाच्या बाजूनं या तपासणीइतका स्वस्त सौदा तुमच्या पत्रात दुसरा नाही. हा दोष आई-वडिलांपैकी एकात असेल तर प्रत्येक अपत्याला तो येण्याची शक्यता ५० टक्के. साधारण पाचातल्या एका रुग्णात तो घराण्यात नसताना नव्यानंच निर्माण होतो, पण वडिलांची हकीकत बघता तुमच्या घरात तो त्यांच्याकडून आला असावा असं वाटतं. दादाच्या रिपोर्टमध्ये जनुकातला नेमका बदल लिहिलेला असतो. तुम्हाला तेवढाच शोधायचा आहे, त्यामुळे काही हजारांत काम होतं; पूर्ण पॅनेल (अनेक जनुकांची एकत्र तपासणी) करायची गरज नाही. रिपोर्टची झेरॉक्स द्या, ‘भावाला व्हीएचएल आहे’ एवढं तोंडी सांगून भागत नाही. मुंबईत टाटा मेमोरियलला कॅन्सर जेनेटिक्सचा स्वतंत्र विभाग आहे, तिथे समुपदेशनही होतं.

निकाल नकारात्मक आला तर तुम्ही मोकळे आणि तुमची लेकही मोकळी. वर्षानुवर्षांचे एमआरआय नाहीत, विमा कंपनीला दाखवायला ठोस कागद आहे, जादा हप्ता कमी करून मागता येतो. सकारात्मक आला, तर साठीपर्यंत किडनीच्या कॅन्सरची शक्यता ७० टक्क्यांपर्यंत जाते, पण तेव्हा गाठ लहान असताना सापडते. दोन्ही किडन्या गमावून डायलिसिसवर जाणं आणि एका बाजूची छोटी गाठ काढून तीन आठवड्यांत कामावर परतणं, यांतल्या खर्चाचा फरक मी इथे लिहायला नको. मग लेकीचीही तपासणी करावी लागेल, कारण व्हीएचएलमध्ये डोळ्यांवर लक्ष अगदी लहानपणापासून ठेवतात. म्हणून पत्नी आणि मुलगी यांची आरोग्य पॉलिसी तुमच्यापासून वेगळी काढा, तीही आत्ताच, आणि तिच्या अर्जातही काका-आजोबांची माहिती विचारली असेल तर द्या.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. निदान झालेलं नसताना केवळ लक्ष ठेवण्यासाठी केलेल्या तपासण्यांचा खर्च आरोग्य विमा देत नाही. नुसत्या तपासणीसाठीचं ॲडमिशन हा प्रमाणित अपवाद आहे. दर दोन वर्षांनी पोट, मेंदू, मणक्याचे एमआरआय, दरवर्षी डोळे आणि रक्त-लघवीच्या चाचण्या, याला मी नियोजनात वर्षाला सरासरी ३५ हजार धरतो. निकाल सकारात्मक आला त्याच महिन्यापासून तीन हजारांची आरडी सुरू करा, वेगळ्या खात्यात.

राहिली एफडी. तुमच्या पत्नीचं गणित कच्चं नाही. नऊ लाख भरून हप्ता तोच ठेवला, तर १६ वर्षांचं कर्ज नऊ वर्षांच्या आतच संपतं आणि व्याजाचे सोळा लाखांच्या वर वाचतात. एरवी मी लगेच होकार दिला असता. पण भरलेलं कर्ज बँक परत देत नाही, आणि तुम्ही दोन महिने बिनपगारी रजेवर असलात तरी २९,६०० चा हप्ता पाच तारखेला जाणारच. दोघांचंही साधेल असा मार्ग आहे: बँकेला विचारा, गृहकर्ज ओव्हरड्राफ्ट प्रकारात बदलून मिळेल का. त्यात जमा ठेवलेल्या रकमेवर व्याज लागत नाही आणि लागेल तेव्हा ती काढता येते. दर पाव-अर्धा टक्का जास्त पडेल, तो सोसा. सहा लाख तिथे ठेवा, तीन लाख बचत खात्याला जोडलेल्या एफडीत, रात्री दोन वाजता हॉस्पिटलच्या काउंटरवर भरता येतील असे. पीपीएफला हात नको.

आणि दादासाठी: त्यांच्या कंपनीच्या गट विम्यातून नोकरी सोडण्याआधी त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याचा अर्ज करता येतो. कंपनी मान्य करेलच असं नाही, पण मान्य केला तर भोगलेल्या प्रतीक्षेचा काळ सोबत येतो. नोकरी बदलायचं त्यांच्या मनात असेल तर राजीनाम्याआधी हे करायला सांगा.