घरी केलेली भांगेची बिस्किटे आणि मात्रेचा प्रश्न

प्रश्न : माझ्या सासूबाई ७४ वर्षांच्या आहेत. गुडघेदुखीमुळे त्यांना रात्री झोप लागत नाही. कॅनडात राहणाऱ्या माझ्या नणंदेने तिथल्या दुकानातून गांजायुक्त चॉकलेट घेतले आणि तिच्या पाठदुखीला त्याने आराम पडला. तुपात पाला शिजवून ते तूप वापरून घरीच बिस्किटे करता येतील, असे तिने कळवले आहे. सासूबाईंना रक्त पातळ ठेवणारी वॉरफरिनची गोळी आणि झोपेची गोळी चालू आहे. धुळवडीला थंडाईतून भांग घेणारे पुष्कळ लोक आहेत. मग हे घरी सुरक्षितपणे करता येईल का?
— एक वाचक, सहकारनगर, पुणे

उत्तर : करण्याआधी विचारलेत हे फार चांगले केलेत. आपल्या सासूबाईंसाठी ही बिस्किटे करू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे आणि त्याची कारणे मी सविस्तर देतो, कारण नुसत्या ‘नको’ने घरातला प्रश्न मिटत नाही.

या वनस्पतीतील नशा आणणारे मुख्य द्रव्य म्हणजे टीएचसी. धुरावाटे ते काही मिनिटांत मेंदूपर्यंत पोहोचते. पोटातून गेले की त्याचा मार्ग लांबतो. ते आतड्यातून यकृतात जाते, तिथे त्याचे ११-हायड्रॉक्सी-टीएचसी या दुसऱ्या द्रव्यात रूपांतर होते आणि हे द्रव्यही तितकेच किंवा अधिक नशा आणते. परिणाम जाणवायला अर्ध्या तासापासून दोन तास लागतात, तो चार तासांपर्यंत वाढत राहू शकतो आणि बारा तासांपर्यंत टिकू शकतो. बहुतेक अपघात या मधल्या काळात घडतात : तासाभराने काहीच वाटत नाही म्हणून माणूस दुसरे बिस्किट खातो आणि मग दोन्हींचा परिणाम एकदम अंगावर येतो. छातीत धडधड, भीतीने कासावीस होणे, उलट्या, उभे राहताच तोल जाणे, भ्रम हे सारे त्यातून होते. चौऱ्याहत्तराव्या वर्षी रात्री न्हाणीघराकडे जाताना तोल गेला, तर खुब्याचे हाड मोडण्याची भीती असते, आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू असताना डोक्याला लागलेला मार जिवावर बेतू शकतो.

आपल्या नणंदेचा अनुभव खोटा नाही, पण तिच्या हातात मोजलेली मात्रा होती. कॅनडात २०१९ पासून अशा खाद्यपदार्थांच्या एका पाकिटात टीएचसी १० मिलिग्रॅमपेक्षा जास्त असता कामा नये असा नियम आहे, आणि नवख्या माणसाने अडीच मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी मात्रेपासून सुरुवात करावी, असे तिथले आरोग्य खाते सांगते. आपल्या स्वयंपाकघरात हे मोजणार कशाने? फुलोऱ्यात १५ टक्के टीएचसी असेल, तर एका ग्रॅममध्येच १५० मिलिग्रॅम होते. पाल्यात ते प्रमाण बरेच कमी असते, पण किती कमी हे रोप, जात आणि साठवण यांवर अवलंबून असते; शिवाय पाल्यात फुलोरा मिसळलेला आहे की नाही, हे डोळ्यांनी खात्रीने ओळखता येत नाही. टीएचसी स्निग्ध पदार्थात विरघळते, त्यामुळे तुपाची युक्ती चालते हे खरे. तरी ते तूप कणकेत सगळीकडे सारखे मिसळत नाही, आणि एकाच घाण्यातले एक बिस्किट सौम्य तर दुसरे कितीतरी पट तीव्र निघू शकते.

वॉरफरिनचा मुद्दा याहून गंभीर आहे. या वनस्पतीतील द्रव्ये ते औषध शरीरात मोडण्याची क्रिया मंदावू शकतात, त्यामुळे रक्त प्रमाणाबाहेर पातळ होऊन रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. झोपेच्या गोळीबरोबर गुंगीही वाढते.

कायद्याबद्दल थोडक्यात. १९८५च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात चरस व गांजा येतात. फुलोऱ्याविना नुसती पाने आणि बिया गांजाच्या व्याख्येत येत नाहीत. महाराष्ट्रात मात्र १९४९च्या दारूबंदी कायद्यानुसार परवान्याशिवाय भांग बनवता किंवा बाळगता येत नाही, आणि सणाची प्रथा हा त्याला अपवाद नाही. नणंदेने तिथून पाकीट पाठवू नये. ते सीमेबाहेर पाठवणे हा कॅनडातही गुन्हा आहे.

सासूबाईंच्या वेदनेकडे दुर्लक्ष करावे, असे मी मुळीच म्हणत नाही. रात्रभर दुखणे हे वयाचे भोग म्हणून सोसू नये. अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवून मांडीच्या स्नायूंचे व्यायाम, शेक आणि वॉरफरिनबरोबर चालणारे वेदनाशामक यांची आखणी करून घ्यावी. औषधाच्या दुकानातून कोणतीही दुखण्याची गोळी परस्पर आणू नये. आयुर्वेदात विजया या नावाने भांग असलेली औषधे आहेत, पण तीही वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यायची असतात. वैद्यांना वॉरफरिनचे नाव आवर्जून सांगावे.

प्रश्न : धुळवडीला आमच्या सोसायटीत एका चार वर्षांच्या मुलाने भांगेचा पेढा खाल्ला. घरच्यांनी त्याला झोपू दिले. हे बरोबर होते का?
— एक वाचक, कोथरूड

उत्तर : नाही. लहान मुलांत गुंगी इतकी वाढू शकते की श्वास मंदावतो. उलटी करवू नये, दूध किंवा लिंबूपाणी पाजत बसू नये. मूल झोपाळू असेल तर कुशीवर वळवून १०८ला फोन करावा किंवा तातडीची सेवा असलेल्या रुग्णालयात न्यावे. काय खाल्ले ते डॉक्टरांना संकोच न करता खरे सांगावे, कारण ते लपवल्यास मेंदूज्वरासारख्या आजारांच्या तपासण्यांत वेळ जातो. उरलेला पेढा सोबत न्यावा. काही ठिकाणी भांगेत धोत्राही मिसळतात. बाहुल्या मोठ्या होणे, तोंड कोरडे पडणे आणि अंग तापून बरळणे ही त्याची लक्षणे आहेत व त्याचे उपचार वेगळे आहेत. असे पदार्थ मिठाईच्या रूपात घरात ठेवूच नयेत.

प्रश्न : भांगेच्या बियांची चटणी खाल्ल्याने नशा येते का?
— एक वाचक, औंध

उत्तर : स्वच्छ केलेल्या बियांनी येत नाही. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२१ मध्ये या बिया, त्यांचे तेल आणि पीठ यांना खाद्यपदार्थ म्हणून मान्यता दिली असून बियांत टीएचसी किलोमागे ५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त असू नये, अशी मर्यादा घातली आहे. परवाना क्रमांक छापलेले पाकीटच घ्यावे, कारण सुट्या बियांना पानाफुलांचे कण चिकटलेले असू शकतात.